माहेर विचारणाऱ्या साठ्येबाई

आमच्या वॉर्डातल्या बायका ऑपरेशनला घाबरत नसत एवढ्या साठ्येबाईंच्या एका प्रश्नाला घाबरत. दुपारची औषधं वाटून झाली की दारात त्यांची सावली पडायची. पांढरं पातळ, वर बाह्या दुमडलेला डॉक्टरी कोट, तोंडात लवंग आणि नखांपर्यंत जांभळी झालेली बोटं. एखाद्या खाटेशी येऊन त्या वाकायच्या, तिथल्या बाईचा हात हातात घ्यायच्या आणि मऊ आवाजात विचारायच्या, "माहेर कुठलं गं तुझं?"

बस, एवढंच. पण ज्या बाईला त्यांनी माहेर विचारलं ती पुढं धड राहत नाही, असं वॉर्डात पक्कं झालं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. जिचा तुकडा काचेवर वाईट दिसायचा तिच्याकडेच बाई यायच्या. हे मला कळत होतं. बायकांच्या लेखी मात्र बाईंनी विचारलं म्हणून ती जायची. त्यामुळं बाई दारात दिसल्या, की कुणी तोंडावर पदर ओढून झोपेचं सोंग घ्यायची, कुणी भलत्याच गावाचं नाव ठोकून द्यायची. एक म्हातारी मला म्हणाली, "शिष्टर, त्या जांभळ्या बोटाच्या बाईला म्हनावं मला माहेरच न्हाई. मी झाडाखाली सापडल्ये."

मी त्या वॉर्डाची सिस्टर. जन्म नगरचा, शिक्षण नगरचं आणि स्वभाव आईच्या मते फोडणीचा. बाई येऊन गेल्या की वॉर्ड रात्रभर कण्हायचा आणि निस्तरायचं मला. शेवटी एकदा मी भांडायचं म्हणूनच त्यांच्या खोलीवर गेले.

ती खोली इस्पितळाच्या मागच्या अंगाला, शवागाराच्या भिंतीला लागून होती. आत गेलं की आधी डोळे चुरचुरायचे ते फॉर्मॅलिनच्या वासानं, आणि मग वितळलेल्या मेणाचा वास यायचा. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर बरण्या. प्रत्येक बरणीत कुणाच्या तरी अंगातून काढलेलं काहीतरी. बाई मधोमध बसून मेणाच्या वडीचे काप काढत होत्या. आमच्याकडे डॉक्टर गाठ कापून काढायचे, तिचा तुकडा बाईंकडे जायचा. बाई तो मेणात बसवायच्या, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायच्या, काचेवर घेऊन जांभळ्या रंगात बुडवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या. त्या काय म्हणतात त्यावर एखादीचा स्तन राहणार की जाणार ते ठरायचं. कॅन्सर हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्या म्हणायच्या, "मंडळी आली आहेत वस्तीला." नाहीतर म्हणायच्या, "कुणी नाही, नुसती सूज आहे."

"बाई, तुम्ही वॉर्डात येत जाऊ नका," मी दारातूनच म्हणाले. "रोगी बघायला डॉक्टर आहेत."

त्यांनी मान वर केली नाही. "मला नुसता तुकडा पाठवतात, सिस्टर. बाई पाठवत नाहीत. मग मलाच बाईकडे यावं लागतं. बैस, चहा घे."

बरण्यांच्या त्या गर्दीत मी कपाला तोंड लावीन असं मला वाटलं नव्हतं, पण लावलं. त्यांनी नवी काच यंत्राखाली सरकवली आणि काचेला म्हणाल्या, "या. कुठून आलात?" बाई वेड्या नव्हत्या. पण काचेवरच्या त्या ठिपक्यांना त्या माणसात धरायच्या, आणि ठिपके त्यांना उत्तर देतात की काय अशी शंका आपल्याला यायची.

मला त्यांनी एकदा बघायला लावलं. गुलाबी शेतात जांभळे ठिपके. "प्रत्येक ठिपक्यात कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलंय," बाई म्हणाल्या. "आजीनं आईच्या, आईनं मुलीच्या. परदेशात लोक ते वाचायच्या मागं लागलेत. मला नुसती शाई दिसते गं. अक्षर लागत नाही." म्हणून त्या माहेर विचारायच्या. एकाच घरातल्या बायकांना एकच गाठ होते का, हे त्यांना बघायचं होतं. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे शल्यविभागाचे प्रमुख, भला माणूस, पण यावर हसायचे. "साठ्येबाई सोयरीक जुळवतात," म्हणायचे.

बाई बरणी कुणाला द्यायच्या नाहीत. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी शिकवण्यासाठी एक मागितली तर त्यांना चहा पाजून परत पाठवलं. कुणी खोलीत आलं की पुढच्या फळीवर एक फडकं सोडायच्या, आतल्यांना नजर लागू नये म्हणून की आलेल्याला भीती वाटू नये म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही. एकदाच त्यांनी ते स्वतःहून वर केलं. पारनेरकडची एक आजीबाई हटून बसली, माझ्यातून काय काढलं ते मला दावा. मी दटावलं, डॉक्टरांनी दटावलं. बाई तिला हात धरून घेऊन गेल्या. आजीबाईनं बरणी डोळ्यांसमोर धरली, नखानं काचेवर टकटक केलं आणि म्हणाली, "लई दिस जागा अडवून बसली हुतीस, भवाने." बाई त्या दिवशी मोठ्यानं हसल्या. त्यांना तसं हसताना मी पुढं फारसं पाहिलं नाही.

कोल्हारची मंदा आमच्याकडे आली ती सत्तरच्या दिवाळीनंतर. गळ्याशी लिंबाएवढी गाठ. उंच, देखणी, पंचविशीच्या आतली बाई. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खाटेजवळ होते. ती गप्पा मारता मारता थांबली, डाव्या बरगडीखाली मूठ दाबली आणि म्हणाली, "आली."

"कोण आली?"

तिला बोलता येत नव्हतं. चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळ, मान, पाठ घामानं निथळत होती, चादरीवर तिचा आकार उमटला. मी नाडी धरली तर ती माझ्या बोटांना धडका देत होती. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या आणि त्यांनी हात जोडले. थोड्या वेळानं सगळं ओसरलं. मंदानं पाणी मागितलं आणि शरमून म्हणाली, "आमच्यात येती ती. आईच्या बी अंगात यायची."

अंगात येणं मी जन्मापासून पाहत आलेय. आमच्या आळीत मंगळवारी एकीच्या यायचंच. पण ती लाल व्हायची, घुमायची, बोलायची. ही पांढरी पडली होती आणि तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती. ऑपरेशनमध्ये मंदाचं रक्तदाबाचं यंत्र वेडंवाकडं नाचलं, मोठे डॉक्टर घामाघूम झाले, पण ती वाचली. घरी गेली. काही महिन्यांनी कोल्हारच्याच एका रोग्यानं सांगितलं, की मंदा गेली. अंगात आलेलं उतरलंच नाही म्हणे.

बाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्या मंदाचीच काच पाहत होत्या. खोली अंधारी केली होती. भाच्यानं विलायतेहून आणलेल्या काळ्या चष्म्याच्या दोन काचा काढून त्यांनी यंत्रात वरखाली बसवल्या होत्या. "ये, बघ," म्हणाल्या. मी डोळा लावला. काळ्याभोर अंधारात हिरव्या उजेडाचे पुंजके पेटले होते. कोवळ्या कैरीचा हिरवा. बाईंनी वरची काच फिरवली की विझायचे, फिरवली की पुन्हा पेटायचे. "ह्या गाठीतच असं पेटतं," बाई म्हणाल्या. "फार विरळा आहे. मी उभ्या जन्मात ही पहिली पाहिली." मेलेल्या बाईचा गळा तसा जळताना पाहून मी बाहेर पायरीवर येऊन बसले.

वर्षानं, उन्हाळ्याच्या तोंडाशी, बाईंनी मला बोलावणं पाठवलं. त्या यंत्रापाशी उभ्या होत्या. "मंदा परत आली," म्हणाल्या.

"बाई, मंदा गेली."

"ठाऊक आहे मला. तरी आली आहे."

मी बाटलीवरचं नाव वाचलं. सुनंदा, राहाता. गळ्यातली मोठी गाठ काढायच्या आधी, दोनच दिवसांपूर्वी, तिच्या मानेतली एक बारीक गाठ तपासायला काढून बाईंकडे दिली होती. खोलीत पुन्हा अंधार झाला आणि यंत्रात पुन्हा तो कैरीचा हिरवा पेटला. "ही मंदाच्या घरातली आहे," बाई म्हणाल्या. "चल, माहेर विचारू. मंदानं सांगितलेलं सोनईच्या पुढचं तेच गाव सांगेल बघ."

सुनंदा खाटेवर बसून बांगड्यांशी खेळत होती. बाईंनी विचारलं आणि तिनं तेच गाव सांगितलं. बाईंचा आवाज मात्र तसाच मऊ. "मग कोल्हारची मंदा तुझी कोण?"

"मंदा? आमच्यात न्हाई कोन मंदा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात लग्नात मुलीचं नाव बदलतात. सासरी मंदा, सुनंदा. माहेरी त्या दुसऱ्याच कुणीतरी. मी विचारलं, "तुला बहीण होती का गं कोल्हारला दिलेली?"

"व्हय, शेवंताक्का. म्या हौसा." ती बोलता बोलता थांबली. "तिला बी हितंच आनली हुती का?"

सासरच्या नावांनी दोघींना एकमेकींपासून तोडलं होतं, आणि गळ्यातल्या गाठीनं पुन्हा जोडलं होतं. बाई मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. म्हणाल्या, दोघी बहिणी आहेत, थोरलीचं टेबलावर काय झालं ते आठवा, मला थोडं वाचू द्या, थांबा. डॉक्टरांचंही चुकीचं नव्हतं. गाठ श्वासनळीवर दाबत होती, हौसाला पडून झोपता येत नव्हतं. "कशासाठी थांबू ते सांगा," ते म्हणाले. बाईंना ते सांगता आलं नाही. काहीतरी आहे एवढंच त्यांना कळत होतं.

ऑपरेशनच्या सकाळी थिएटरच्या दारात ट्रॉलीवर हौसानं डाव्या बरगडीखाली मूठ नेली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आली." ते थोडक्यात ओसरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी सांगितलं, त्यांनी नाडी पाहिली, थोडं थांबले, आत घेतलं. भूल चढता चढताच तिचा रक्तदाब आभाळाला भिडला आणि हृदय थांबलं. गळ्याला कुणी सुरीसुद्धा लावली नव्हती.

टेबलावरचा मृत्यू म्हणून शवविच्छेदन झालं, ते बाईंनी केलं. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. हौसाच्या डाव्या ग्रंथीच्या जागी पेरूएवढी गाठ होती. बाईंनी तिचा एक काप पिवळ्या पाण्यात सोडला. आमच्या डोळ्यांदेखत तो काप तपकिरी होत गेला आणि मग काळपट झाला. "रंग फिरला, म्हणजे ही ती. 'आली' म्हणायच्या ती," बाई म्हणाल्या. "ही गाठ रक्तात भीती सोडते. आपण वाघ बघितल्यावर अंगात जे सुटतं ना, तेच. कधी पण सुटतं. त्यात भूल दिली की माणूस जातो. दोघींनी आपल्याला बरगडीखाली मूठ ठेवून सांगितलं, सिस्टर. आपण गळ्याकडे बघत बसलो." मग म्हणाल्या, "या खेपेला तुकडा नाही, बाईच पाठवली मला."

हौसाचा नवरा बाहेर भिंतीला टेकून बसला होता. बाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्याच्याकडून कळलं, की माहेरी एक धाकटी आहे. ठकू. लग्नाची आहे. तिच्या गळ्यातही दिसायला लागलंय.

बाई रजा टाकून निघाल्या आणि मला सोबत ओढलं. रक्तदाबाचं यंत्र माझ्या मांडीवर, त्यांच्या मांडीवर कापडी पिशवीत एक बरणी. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "बाई, सांडंल हां. लोनचं हाय का?"

"नाही. माणूस आहे," बाई म्हणाल्या.

तो हसला, मग त्यांच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला, आणि सोनई येईपर्यंत आमच्या बाजूला फिरकला नाही.

बहात्तरचं साल होतं ते. सोनईच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवं म्हणून काही नव्हतं. विहिरींच्या तळाशी माणसं उतरून वाटीनं पाणी भरत होती. ठकू दुष्काळी कामावर खडी वाहायला गेली होती, तिला निरोप धाडला. तिचा बाप, आप्पा, लिंबाखाली बसला होता. रापलेला, हाडापेरानं मोठा माणूस. त्यानं आम्हाला पाणी दिलं, त्या दिवसांतलं एक तांब्या पाणी, आणि मग सरळ सांगितलं.

"बाई, त्यो मनी हाय. देवीनं गळ्यात घातलेला. माझ्या मंडळीच्या गळ्यात बी हुता, ती बी देवीच्या वाऱ्यातच गेली, पर चांगली चाळिशीला जाऊन. शेवंताचा मनी तुमी काढला, शेवंता गेली. हौसाचा काढाया घेतला, हौसा गेली. आता तिसरीचा काढाया आलाय."

त्याच्या बोलण्यात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. मी बाईंकडे पाहिलं. देवी खोटी आहे असं त्या म्हणतील आणि आम्हाला उठावं लागेल, असं मला वाटलं.

"हौसा आमच्या हातून गेली, आप्पा," बाई म्हणाल्या. "मणी काढला म्हणून नाही. मण्याच्या आधी पोटातली गाठ काढायला हवी होती. पोटात गाठ आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे." त्यांनी पिशवीतून बरणी काढून त्याच्यासमोर ठेवली.

शेजारपाजारच्या बायका दारातून आत सरकल्या. आप्पानं बरणी उचलली नाही. वाकून पाहिलं. "ह्ये माझ्या हौसाचं?"

"हो."

"म्हंजी ती समदी जळली न्हाई." त्याचा आवाज खोल गेला. "तरी बी न्हाई, बाई. दोन दिल्या तुमाला. तिसरी न्हाई देनार."

तेवढ्यात ठकू आली. डोक्यावर चुंबळ, पाय धुळीनं पांढरे, सतरा-अठराचं वय. गळ्याशी सुपारीएवढं काहीतरी, ती बोलली की हलायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं, बरणी पाहिली आणि बापाला म्हणाली, "बगू द्या की त्यास्नी, आप्पा. नुसता हात लावत्यात. मला रोज मरून रोज उठाया लागतंय, त्ये तुमाला कुटं दिसतंय."

आप्पा बाजूला सरकला. ओसरीवर वाकळ टाकून ती आडवी झाली. बाईंनी आपले तळहात एकमेकांवर चोळले आणि डावा हात तिच्या बरगडीखाली ठेवला. दाबलासुद्धा नाही. नुसता ठेवला.

ठकूचे डोळे विस्फारले. "आली," ती म्हणाली.

मी तो चेहरा तिसऱ्यांदा पाहत होते. तीच राख, तोच घाम, तेच डोळे. दोघी मेलेल्या बहिणी एका वाकळेवर येऊन पडल्या आहेत असं मला वाटलं. बाईंनी हात चटकन काढला. त्यांचा स्वतःचा चेहरा उतरला होता. मी कशीबशी पट्टी बांधून फुगा दाबला. पारा चढत चढत काचेच्या टोकाला गेला आणि तिथंच ठोके देत राहिला. अंगणात कुणीतरी हळद आणायला पळालं. बायका हात जोडून उभ्या होत्या. बाई ठकूचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपत होत्या आणि "जाईल, आता जाईल," एवढंच म्हणत होत्या. त्या वेळी ती राहिली नसती तर आम्हा दोघींना त्या गावातून कुणी जिवंत सोडलं नसतं, आणि ते मला वावगं वाटलं नसतं.

ओसरायला लागलं तसा आप्पा जवळ आला. तो ठकूकडे नाही, बाईंच्या हाताकडे बघत होता.

"तुमी हात ठिवला आन् ती आली," तो सावकाश म्हणाला. "भगताला ढोल लागतो, लिंबू लागतं. तुमी नुसता हात ठिवला. म्हंजी ती कुटं राहती त्ये तुमाला ठावं हाय."

"तिथंच राहते," बाई म्हणाल्या. "या हाताखाली."

आप्पा खाली बसला. "मंडळीसंगं आली ती आमच्या घरात. म्या बोकड दिला, नारळ दिला, साडीचोळी दिली. काय मागत हुती त्ये उमगलंच न्हाई मला." मग त्यानं बरणीकडे बोट केलं. "ह्ये मला द्या. माझ्या लेकीला म्या अग्नी दिऊन पुरी करतो. मंग ठकूला न्या."

बाईंनी बरणीवर हात ठेवला. त्यांचं त्या बरणीशी काय होतं हे मला ठाऊक होतं. मुंबईच्या डॉक्टरांसमोर ठेवायला त्यांच्याकडे तेवढीच एक गाठ होती, आणि अशी गाठ पुन्हा दिसेल न दिसेल. मग त्यांनी झाकण उघडलं, गाठ स्वतः बाहेर काढली, आपल्या धुतलेल्या रुमालात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी त्याच्या ओंजळीत दिली.

नदी कोरडीच होती. पात्रात गोवऱ्या रचून त्यानं ती पेटवली. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेली गाठ, लवकर धरेना. धूर असा झोंबला की सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, त्यामुळं कोण रडतंय हे कुणाला कळलं नाही. मला मात्र रडू आलं होतं, ते मी सांगून टाकते.

मुंबईला बाई ठकूबरोबर स्वतः गेल्या. लघवीची तपासणी झाली, गाठ तिथंच सापडली. आधी काही आठवडे औषधं देऊन तिचा रक्तदाब ताब्यात आणला, मग पोटातली गाठ काढली, आणि अंगात बळ आल्यावर गळ्यातला मणी. पोटातली गाठ काढली त्या रात्री मी माझ्या देवाकडे तिच्या देवीनं निघून जावं अशी प्रार्थना केली, असली उलटी प्रार्थना मी कधी केली नव्हती. ठकू जगली. टाके दाखवायला आमच्या वॉर्डात आली तेव्हा बायकांनी तिला पहिलं विचारलं, बाईंनी तुला माहेर विचारलं हुतं का. "माहेरालाच आल्या हुत्या माझ्या," ती म्हणाली. त्यानंतर वॉर्डाचं वारं फिरलं. बाई दारात दिसल्या की खाटांवरून बायका आपणहून ओरडून गावं सांगू लागल्या, ज्यांच्यात काही नव्हतं त्यासुद्धा. माझी डोकेदुखी होती ती राहिलीच.

आप्पा मात्र एक प्रश्न घेऊन आला होता. "गेली का ती आता?"

"ठकूतून काढली, आप्पा," बाई म्हणाल्या. "घरातून गेली का ते मला सांगता येत नाही. ठकूला मूल झालं तर निम्मी भीती राहील. निम्मी राहणार नाही." त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. तो मान हलवत राहिला.

आता रक्ताच्या थेंबावरून सांगतात. पाळण्यातल्या मुलाच्या ठिपक्यात ते अक्षर आहे की नाही हे वाचता येतं, आणि असलं तर मणी यायच्या आधीच गळ्यातली ग्रंथी काढून टाकतात. माझी भाची त्या कामात आहे, तिनं मला समजावून सांगितलं. बाईंना हे ऐकायला मिळायला हवं होतं असं मला फार वाटलं. त्यांच्या काळात बोटांपलीकडे त्यांच्यापाशी काही नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात. त्या निवृत्त होऊन सांगलीला भावाकडे निघाल्या होत्या. खोली रिकामी झाली होती. नव्या साहेबांच्या हुकमानं बरण्या मागच्या आवारात पुरून झाल्या होत्या. बाईंची ट्रंक दाराशी होती आणि टांगा बाहेर उभा होता. एवढ्यात ठकू आली, कडेवर चार महिन्यांची मुलगी. बाई जाणार हे तिला कुणी कळवलं मला माहीत नाही.

बसायला खुर्ची उरली नव्हती. ठकूनं लेकीला दुपट्यासकट जस्ताचा पत्रा मारलेल्या त्या टेबलावर ठेवलं, जिथं बाई आयुष्यभर तुकडे कापत आल्या होत्या. मुलगी छताकडे बघत पाय मारत होती. बाईंनी ऊब येईपर्यंत खिडकीच्या उन्हात हात धरले, आणि मग दोन बोटं तिच्या गळ्याला लावली. डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे. त्यांनी डोळे मिटले होते. मुलीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली. ठकू त्यांच्या बोटांकडे बघत होती.

"हाय का हिच्यात?" ठकूनं विचारलं.

"आज हाताला काही लागत नाही."

"आन् उद्या?"

"उद्याचं मला दिसत नाही, बाळा."

"तुमी तर चालला," ठकू म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. "मंग कोन बगनार हिला?"

बाईंनी तिचा हात धरला. खडी वाहून घट्टे पडलेली ती बोटं त्यांनी एकेक करून सरळ केली आणि मुलीच्या गळ्यावर, आपल्या बोटांच्या शेजारी ठेवली. "असं बघायचं. दाबायचं नाही. ती गिळेल तेव्हा बोटाखाली काय हलतं ते ध्यानात ठेव, म्हणजे पुढं वेगळं काही हललं तर तुला कळेल. रोज बघू नकोस, रोज बघितलंस तर तुला जगता येणार नाही. कधीमधी न्हाऊ घालताना बघ. काही लागलं तर सिस्टर आहे इथं, आधी तिच्याकडे ये. आणि मुंबईच्या डॉक्टरांचा कागद दाखवल्याशिवाय हिला कुणाला भूल देऊ देऊ नकोस."

टांगेवाल्यानं बाहेरून हाक मारली. मुलगी आता हसायची थांबून आईकडे टक लावून बघत होती. मुलीनं गिळलं आणि ठकूनं मान हलवली, तोवर बाई थांबल्या. मग त्यांनी आपला हात काढून घेतला. ठकूचा तिथंच राहिला.